मोठं रेव्हिट मॉडेल, हळू कॉम्प्युटर : नवा लॅपटॉप घेण्याआधी हे करून बघा

आपल्या समाजातली बरीच मुलं-मुली आज सिव्हिल, आर्किटेक्चर आणि ड्राफ्टिंगच्या क्षेत्रात आहेत. काही पुण्या-मुंबईच्या ऑफिसांत काम करतात, काही आखातात. या कामात आता नुसती रेघांची ड्रॉइंग चालत नाहीत. अख्खी इमारत भिंती, स्लॅब, पाइप आणि वायरिंगसकट कॉम्प्युटरमध्ये उभी करावी लागते. या पद्धतीला बिम म्हणतात. दुबई महापालिकेने 2013 च्या परिपत्रकाने 40 मजल्यांपेक्षा उंच किंवा 3 लाख चौरस फुटांपेक्षा मोठ्या इमारतींसाठी बिम सक्तीचं केलं. 2015 मध्ये ही मर्यादा 20 मजले आणि 2 लाख चौरस फुटांवर आणली. त्यामुळे ऑटोडेस्क कंपनीचं रेव्हिट हे सॉफ्टवेअर येणं म्हणजे तिकडे नोकरीचं दार उघडणं, असं बऱ्याच घरांत मानलं जातं.

पण घरी वेगळीच अडचण येते. मॉडेल मोठं झालं की लॅपटॉप अडकतो. माऊस हलवला की पांढरा पडदा, सेव्ह करायला दहा मिनिटं. मग मुलगा म्हणतो, "अब्बू, नवा लॅपटॉप लागेल, लाखभर तरी जातील." हप्त्यावर मशीन घेण्याआधी थोडं थांबा. अनेकदा अडचण मशीनपेक्षा फाइलमध्ये जास्त असते.

आधी दुखणं ओळखा

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकत्र दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. रेव्हिट अडकलेलं असताना त्यातला परफॉर्मन्सचा भाग बघा.

मेमरी म्हणजे रॅम जवळजवळ पूर्ण भरलेली असेल, तर रॅम कमी पडतेय. डिस्क सतत 100 टक्क्यांवर असेल, तर हार्ड डिस्क मागे पडतेय. पण बऱ्याचदा दोन्ही ठीक दिसतात आणि प्रोसेसर फक्त 12-13 टक्के वापरात दिसतो. मुलं इथेच गोंधळतात, की प्रोसेसर रिकामा असताना काम का अडतं? कारण असं की रेव्हिटची बरीचशी कामं एका वेळी प्रोसेसरच्या एकाच धाग्यावर चालतात. आठ धाग्यांच्या प्रोसेसरमध्ये एक धागा पूर्ण राबला, तरी आकडा साडेबारा टक्केच दिसतो. बाकीचे सात बसून असतात. अशा वेळी जास्त कोअरचं मशीन घेऊन फारसा फरक पडत नाही. मॉडेल हलकं करणं हाच खरा इलाज.

बिनपैशाचे उपाय : फाइल हलकी करा

सगळ्यात आधी फाइलची वेगळी कॉपी ठेवा. मगच पुढचं काम.

1. फाइल उघडताना 'ऑडिट'वर टिक करा. फाइलमधले बिघाड तपासले जातात. वेळ लागतो, पण अधूनमधून करावंच.

2. मॅनेज टॅबमधलं 'पर्ज अनयूज्ड' चालवा. न वापरलेल्या फॅमिली, मटेरियल निघून जातात. एकदा करून थांबू नका, दोन-तीनदा करा, कारण एक वस्तू गेली की तिच्यात वापरलेली दुसरी मोकळी होते. ऑफिसच्या टेम्प्लेटमधलं पुढे लागणारं काही जात नाही ना, तेवढं यादीत बघून घ्या.

3. त्याच टॅबवर 'वॉर्निंग्ज' आहेत. एकाच जागी दोन दरवाजे, एकमेकांवर चढलेल्या भिंती, बंद न झालेल्या खोल्या अशा शेकडो सूचना साठतात. 'ओके' म्हणत पुढे गेलं की मॉडेल जड होत जातं. रोज दहा-वीस निस्तरा.

4. ऑटोकॅडचं ड्रॉइंग 'इम्पोर्ट' करू नका, 'लिंक' करा. आणताना फक्त चालू व्ह्यूपुरतं आणा. आधी ऑटोकॅडमध्येच नको ते लेयर काढून टाका. आणि रेव्हिटमध्ये ते ड्रॉइंग 'एक्सप्लोड' तर मुळीच करायचं नाही. हजारो सुट्या रेघा कायमच्या फाइलमध्ये घुसतात.

5. इंटरनेटवरून उतरवलेल्या फॅमिली तपासा. सोफ्याची शिलाई, नळाचे स्क्रू इथपर्यंत तपशील असलेली एक वस्तू 200 फ्लॅटमध्ये लावली, की तो भार मॉडेलला 200 ठिकाणी सोसावा लागतो. साधी फॅमिली वापरा.

6. काम नसलेले व्ह्यू बंद करा. सावल्या बंद ठेवा. थ्रीडीमध्ये 'सेक्शन बॉक्स' लावून फक्त लागतो तेवढा भाग बघा. डिटेल लेव्हल 'कोर्स' किंवा 'मीडियम' ठेवा.

7. टीमचं मॉडेल असेल तर उघडतानाच लागणारे वर्कसेट निवडा. इथे एक फरक लक्षात ठेवा. वर्कसेट नुसता लपवला तर तो मेमरीत राहतोच, बंद केला तरच मेमरी मोकळी होते. नको असलेल्या लिंक 'अनलोड' करा.

8. मॉडेल पेनड्राइव्हवरून किंवा ड्राइव्हच्या सिंक फोल्डरमधून चालवू नका. टीमच्या कामात सेंट्रल फाइल थेट उघडायची नाही. आपल्या मशीनवर लोकल कॉपी करायची आणि सिंक करायचं. अधूनमधून सिंक करताना 'कॉम्पॅक्ट'वर टिक केली की फाइलचा आकारही कमी होतो.

मशीनच्या सेटिंग

लॅपटॉप चार्जरला लावूनच काम करा. बॅटरीवर अनेक लॅपटॉप मुद्दाम वेग कमी करतात. पॉवर सेटिंगमध्ये 'बेस्ट परफॉर्मन्स' निवडा. गादीवर किंवा चादरीवर ठेवलं की खालची जाळी बंद होते, मशीन तापतं आणि वेग घसरतो. मे महिन्यात तर हे हमखास. वेगळं ग्राफिक कार्ड असेल तर विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमधल्या ग्राफिक्स विभागात रेव्हिटला 'हाय परफॉर्मन्स' द्या. सी ड्राइव्ह काठोकाठ भरू देऊ नका.

खर्च करायचाच असेल तर

हार्ड डिस्क जुन्या पद्धतीची असेल तर आधी एसएसडी टाका. त्यानंतर रॅम. ठोकताळा असा, की मॉडेलला फाइलच्या आकाराच्या सुमारे 20 पट रॅम लागते. म्हणजे 300 एमबीच्या फाइलला 6 जीबी. लिंक केलेल्या फाइल, विंडोज आणि ब्राउझर यांचं वेगळं. त्यामुळे 8 जीबीमध्ये जीव गुदमरणारच. 16 शिकण्यापुरतं, मोठ्या कामाला 32. काही लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डलाच जोडलेली असते, वाढवता येत नाही. विकत घेण्याआधी दुकानदाराला हे विचाराच.

नवाच घ्यायचा असेल तर नुसत्या 'आय सेव्हन' स्टिकरवर जाऊ नका. एका कोअरचा वेग किती, ते बघा. महागडं ग्राफिक कार्ड एन्स्केप, ट्विनमोशन, लुमियन अशा रेंडरिंगच्या कामाला लागतं. नुसत्या मॉडेलिंगसाठी त्यावर जादा पैसे घालू नका. आणि रेव्हिट विंडोजसाठीच बनतं, म्हणून या कामासाठी मॅक घेऊ नका.

विद्यार्थ्यांनी क्रॅक केलेली कॉपीही टाकू नये. ऑटोडेस्क पात्र विद्यार्थ्यांना शिक्षणासाठी मोफत लायसन्स देते. त्यावर पगारी काम मात्र करता येत नाही.

एक-एक करून मोजा

सगळे उपाय एकदम करू नका. आज फाइल उघडायला आणि सिंक व्हायला किती मिनिटं लागतात, ते वहीत लिहा. एक बदल करा, पुन्हा मोजा. आठवडाभरात कळेल की अडचण फाइलची होती, रॅमची होती की खरंच मशीनची. अब्बूंकडे नव्या लॅपटॉपचे पैसे मागायचेच असतील, तर ती वही सोबत घेऊन बसा. आणि फाइल हलकी ठेवायची ही सवय ऑफिसमध्येही कामाला येते. तिथे तुमच्या एका जड फॅमिलीमुळे सगळ्या टीमचं काम अडू शकतं.