हप्ता एक, जबाबदारी दोघांची
भिवपुरी रोडहून लोकलने नोकरीला जाणाऱ्या घरांत जोडीदाराला खर्चाचा मेळ जमत नसेल, तर टोमण्यांपेक्षा व्यवस्था कामी येते.

● पगार जमा होताच कर्जाचा हप्ता खात्यातून आपोआप वळता करा. किराणा, दूध, रेल्वे पासाचे पैसे वेगळे काढा. मग दोघांनाही थोडा हातखर्च ठेवा. त्याचा हिशेब मागू नका.

● जास्त व्याजाचं कर्ज आधी फेडा.

● वार्षिक उत्पन्न ३ लाखांपर्यंत असलेल्या कुटुंबांच्या विनातारण सूक्ष्म कर्जांना रिझर्व्ह बँकेचे नियम लागू आहेत: नवं कर्ज देताना कुटुंबाचे सगळे हप्ते मिळून मासिक उत्पन्नाच्या ५० टक्क्यांत बसले पाहिजेत. १८,००० कमाई, तर कमाल हप्ते ९,०००.

● अशा कर्जाच्या मुदतपूर्व फेडीवर दंड नाही.