मांजरीच्या स्तनातील गाठ : वेळीच ओळखा

धान्याची कणगी, बियाण्याची पोती व कडब्याची गंजी यांची उंदरांपासून राखण करणारी मांजर बहुतेक शेतकऱ्यांच्या घरी असते. तिच्या दुखण्याकडे मात्र सहसा लक्ष दिले जात नाही. उतारवयातील मांजरीच्या पोटाखाली सडाजवळ गाठ हाताला लागल्यास ती दुधाची गाठ समजून सोडून देऊ नये. मांजरीच्या स्तनातील १०० गाठींपैकी ८० ते ९० गाठी कर्करोगाच्या असतात.

लक्षणे : हा रोग बहुधा १० ते १२ वर्षे वयाच्या मांजरीत आढळतो. सुरुवातीस गाठ टणक असते, पण दुखत नाही. मांजर नेहमीप्रमाणे खाते, उंदीर धरते. त्यामुळे वेळ निघून जातो. पुढे गाठ फुटून जखम होते. रोग काखेतील व जांघेतील लसिका ग्रंथींत आणि फुफ्फुसांत पसरतो व मांजरीला धाप लागते. व्यालेल्या मांजरीचे सड लाल, गरम व दुखरे झाल्यास तो स्तनदाह असू शकतो. त्याचे उपचार वेगळे आहेत.

मांजर किती जगेल? हे मुख्यतः शस्त्रक्रियेच्या वेळी गाठ केवढी होती यावर अवलंबून असते. शस्त्रक्रियेनंतरचे सर्वसाधारण आयुष्य पुढीलप्रमाणे आढळते :

१) गाठ २ सें.मी. पेक्षा लहान : ३ वर्षांहून अधिक
२) गाठ २ ते ३ सें.मी. : सुमारे २ वर्षे
३) गाठ ३ सें.मी. पेक्षा मोठी : ६ महिने ते १ वर्ष

लसिका ग्रंथींत रोग पोहोचला असल्यास ही मुदत आणखी कमी होते. म्हणून गाठ सुपारीएवढी होण्याची वाट पाहू नये.

उपचार : प्रथम छातीचा एक्स-रे काढतात. नंतर नुसती गाठ न काढता त्या बाजूची चारही सडांची पूर्ण ओळ काढतात, कारण रोग त्याच ओळीत पुन्हा उद्भवतो. काढलेला भाग प्रयोगशाळेत तपासून घ्यावा. गाठीवर बिब्बा, चुना लावू नये किंवा डाग देऊ नये. माणसांची पॅरासिटामॉलची गोळी मांजरीला कधीही देऊ नये. तिने मांजर दगावते. रोग फार पसरला असल्यास तिच्या वेदना कशा कमी ठेवता येतील, हे पशुवैद्यकास विचारावे.

प्रतिबंध : अमेरिकेत २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ६ महिन्यांच्या आत निर्बीजीकरण केलेल्या मांजरींत या रोगाचा धोका ९१ टक्क्यांनी, तर वर्षाच्या आत केलेल्यांत ८६ टक्क्यांनी कमी आढळला. दोन वर्षांनंतर केल्यास फायदा दिसला नाही. माज थांबविणारी संप्रेरकांची इंजेक्शने व गोळ्या धोका वाढवितात, त्या टाळाव्यात. निर्बीजीकरणानंतरही मांजर उंदीर धरते.

महिन्यातून एकदा मांजरीच्या आठही सडांभोवती बोटे फिरवून पाहावे. ज्वारीच्या दाण्याएवढी गाठ लागली तरी त्याच आठवड्यात पशुवैद्यकीय दवाखाना गाठावा.