रामटेकचा फाटा आणि सात नंबरचा सिग्नल

कन्हान जंक्शनवर हावडा मार्गापासून रामटेकचा फाटा निघतो. अशा ठिकाणी लोको पायलटला दोन गोष्टी कळाव्या लागतात: पुढे जायचं की नाही, आणि कुठल्या लाइनीवर. भारतीय रेल्वेच्या चार संकेतांच्या पद्धतीत पहिलीची उत्तरं चारच: लाल, पिवळा, दोन पिवळे, हिरवा. दुसरीसाठी सिग्नलवर पांढऱ्या दिव्यांची वेगळी रांग लावतात.

हेच संगणकावर उतरवायचं तर प्रोग्रामर दोन 'एनम' लिहील, 'सिग्नल' आणि 'मार्ग'. एनम म्हणजे ठरावीक नावांची बंद यादी. निकलाउस विर्थच्या पास्कल भाषेत ती १९७० पासून आहे. सी भाषेत मात्र या नावांमागे नुसते आकडे. लाल म्हणजे ०, आणि मुख्य मार्ग म्हणजेही ०! सिग्नलच्या जागी मार्ग भरला तर कंपायलर, म्हणजे प्रोग्रामचं यंत्रभाषेत भाषांतर करणारा, फार तर कुरकुरतो. सिग्नलमध्ये ७ भरला तरी प्रोग्राम बिनबोभाट चालतो.

सी++ इथे अडवते: 'इन्व्हॅलिड कन्व्हर्जन'. २०११ साली आलेल्या 'एनम क्लास'मध्ये तर दोन वेगळ्या एनमची नुसती तुलनाही चालत नाही. मग घाईतला माणूस काय करतो? 'कास्ट' ठोकतो, म्हणजे 'हा आकडा सिग्नलच समज' असं कंपायलरला दटावतो. एरर जाते, ७ तिथेच राहतो. माझ्या मते हा उपाय नव्हेच.

आकडा बाहेरून, म्हणजे फाइलमधून किंवा यंत्राकडून येतो तिथेच एक फंक्शन ठेवावं. त्यानं ०, १, २, ३ तपासून योग्य नाव द्यावं आणि बाकी सगळं नाकारावं. पुढच्या प्रोग्रामनं आकड्याचं तोंडही पाहू नये. नाकारलेल्याचं काय करायचं, हे रेल्वेच्या नियमात आहे: विझलेला सिग्नल सर्वांत कडक संकेत देतोय असंच धरायचं. तेव्हा ७ आला की लाल, आणि नोंदवहीत तक्रार.

पायथॉन भाषेची खोडी याहून वाईट. साध्या एनमची 'हिरवा' या मजकुराशी तुलना केली तर एरर येतच नाही, उत्तर मुकाट्यानं 'नाही' येतं. गाडी का थांबली, ते शोधत बसा.

साठवताना क्रमांकापेक्षा नाव बरं. तीन संकेतांच्या यादीत हिरवा २ होता. मधे 'दोन पिवळे' घुसले की जुन्या फाइलीतले सगळे हिरवे एका रात्रीत दोन पिवळे होतात, आणि या बदलावर कुठलाही कंपायलर बोलत नाही.