मालवणची खाद्यसंस्कृती आणि सण

मालवण हे महाराष्ट्राच्या सिंधुदुर्ग जिल्ह्यातील अरबी समुद्राकाठचे तालुक्याचे गाव आणि पर्यटनस्थळ आहे. कुरटे बेटावरील सिंधुदुर्ग किल्ला, तारकर्लीचा किनारा आणि मासळीचे जेवण यांमुळे ते सर्वपरिचित आहे. 'मालवणी' हा शब्द मात्र या गावापुरता उरलेला नाही. दक्षिण कोकणातील बोली, तेथील मसाला आणि तेथील जेवण या साऱ्यांना आज हेच नाव आहे. या भागातील आहार आणि सणवार समुद्राच्या वर्षक्रमाशी बांधलेले आहेत. पर्यटनाचा हंगाम त्या क्रमाने चालत नाही. त्यामुळे पाहुण्यांना दिसणारे मालवण आणि तेथे राहणाऱ्यांचे मालवण यांत बराच फरक पडतो.

समुद्राचे वर्ष

महाराष्ट्राच्या सागरी हद्दीत १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिकी नौकांना मासेमारीची बंदी असते. हा माशांच्या प्रजननाचा काळ मानला जातो. कायद्याने बंदी येण्यापूर्वीही पावसाळ्यातील खवळलेला दर्या होड्यांना किनाऱ्यावरच ठेवत असे. होड्या ओढून झापांनी शाकारल्या जात आणि जाळी विणण्या-सांधण्याचे काम घरात चाले. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ अर्पण केल्यावर दर्या शांत होतो, अशी येथील श्रद्धा आहे. मालवणात या दिवशी सिंधुदुर्ग किल्ल्यावरून मानाचे श्रीफळ येते. ते समुद्राला अर्पण झाल्यावर बंदरावर इतर नागरिक व व्यापारी आपापले नारळ अर्पण करतात. त्यानंतर नारळ लढवण्याचा खेळ रंगतो. दोघांनी हातातील नारळ एकमेकांवर आपटायचे. ज्याचा फुटला तो हरला. खेळ साधा, पण कठीण कवचाचा नारळ हेरून राखून ठेवण्यात जुने खेळाडू बरीच प्रतिष्ठा मानतात.

बेगमी

मालवणी स्वयंपाकाचे मर्म पावसाळ्यापूर्वीच्या दोन महिन्यांत आहे. एप्रिल-मे महिन्यांत सुक्या मिरच्या, धणे, बडीशेप, मिरी, लवंग, दगडफूल इत्यादी जिन्नस भाजून वर्षाचा मसाला कुटला जातो. कोकमाची फळे फोडून सालींना त्यांच्याच रसाची व मिठाची पुटे देत उन्हात वाळवतात. हीच आमसुले किंवा सोले. फणसाची साठे आणि खारवलेल्या कैऱ्याही याच दिवसांत तयार होतात. मासळीच्या बाबतीत सुका बांगडा, सोडे आणि जवळा यांची साठवण होते. मुसळधार पावसात पेज-भाताबरोबर भाजलेला सुका बांगडा किंवा जवळ्याचे किसमूर हेच तोंडी लावणे असते. पर्यटकांच्या थाळीत हे पदार्थ क्वचितच दिसतात, कारण ज्या महिन्यांत ते खाल्ले जातात त्या महिन्यांत पर्यटक फारसे येत नाहीत.

मासळी व इतर पदार्थ

ताजी मासळी मिळू लागली की घरोघरी बांगडा, पेडवे, तारली यांसारखी स्वस्त मासळी सर्वांत जास्त शिजते. सुरमई व पापलेट हे मासे पूर्वीपासून मुख्यतः विक्रीचे आणि पाहुणचाराचे. बांगड्याच्या तिखल्यात त्रिफळे ठेचून घालतात. हे त्रिफळ म्हणजे आयुर्वेदातील त्रिफळा चूर्ण नव्हे. ते एका काटेरी झाडाचे फळ असून त्यातील बी टाकून सालच वापरली जाते. तेलकट माशाचा उग्रपणा त्यामुळे कमी होतो. आंबटपणासाठी चिंचेपेक्षा सोलांना पसंती असते. खाडीतून तिसऱ्या, खुबे व कालवे मिळतात. ती ओहोटीच्या वेळी काढण्याचे काम बहुधा स्त्रिया करतात. सोलकढी ही सोलांचे पाणी आणि नारळाचे दूध यांची असते. हॉटेलात ती अनेकदा जेवणाआधी येते, घरी मात्र भाताबरोबर किंवा शेवटी घेतली जाते.

मालवणी जेवण म्हणजे केवळ मासळी, ही समजूत अपुरी आहे. श्रावणात अनेक घरांत मासळी वर्ज्य असते. नागपंचमीला हळदीच्या पानांत पातोळ्या उकडतात. तवसे (मोठी काकडी), तांदळाचा रवा व गूळ यांचे धोंडस भाद्रपदाच्या सुमारास होते. शिरवाळे, म्हणजे तांदळाच्या उकडीच्या शेवया, नारळाच्या गोड रसात बुडवून खातात. ते पाडण्यासाठी लाकडी साचा आणि किमान दोन माणसांचे बळ लागते. खापरोळ्याही अशाच गोड रसात वाढतात. न्याहारीला घावणे किंवा आंबोळ्या असतात. काळ्या वाटाण्याचे सांबारे आणि वडे हा बेत सणाला असतो, तसाच श्राद्धपक्षालाही. हेच वडे कोंबडीच्या रश्शाबरोबर आले की 'कोंबडी-वडे' होतात. मुंबईतील मालवणी खाणावळींनी याच जोडीला राज्यभर नाव मिळवून दिले.

चतुर्थी ते शिमगा

गणेशचतुर्थी हा वर्षातील सर्वांत मोठा सण होय. मुंबईत नोकरीधंद्यासाठी गेलेली माणसे या दिवसांत मूळ घरी परततात आणि एरवी बंद असलेली घरे उघडतात. गणपतीच्या वर लाकडी चौकटीची माटवी बांधून तिला आंब्याचे टाळे, सुपारी, कवंडळे, तेरडा अशी रानातील व परसातील फळेफुले लावतात. रात्री वाडीतील भजनी मंडळी घरोघरी फिरतात. त्यांना उसळ व चहा देण्याची पद्धत आहे. स्त्रियांच्या फुगड्या हा या दिवसांचा दुसरा विशेष.

दिवाळी पाडव्याला देऊळवाड्यातील ग्रामदैवत रामेश्वर व नारायण यांची पालखी निघते. ती किनाऱ्याच्या वाटेने फिरून रात्री बाजारपेठेत येते आणि व्यापारी तिचे स्वागत करतात. ग्रामदेवतेपुढे घातले जाणारे गाऱ्हाणे हा येथील सर्व उत्सवांचा समान धागा आहे. गावकऱ्यांच्या वतीने एक जण देवाला उद्देशून बोलत जातो आणि प्रत्येक वाक्यानंतर जमलेले लोक 'व्हय महाराजा' असे म्हणतात. या गाऱ्हाण्याची लय मालवणी नाटकांतही उतरली आहे.

कार्तिकापासून जत्रा सुरू होतात. मसुरे गावातील आंगणेवाडीच्या भराडीदेवीची जत्रा त्यांत सर्वाधिक गर्दीची. तिला ठरलेली तिथी नाही. देवीचा कौल घेऊन दिवस निश्चित होतो आणि तो जाहीर होताच मुंबईतील चाकरमानी रेल्वेच्या आरक्षणामागे लागतात. जत्रेहून परतताना खाजा घेणे ओघानेच आले. बेसनाच्या तळलेल्या कांड्यांवर आले घातलेल्या गुळाचा लेप देऊन तो करतात. महाशिवरात्रीला शेजारच्या देवगड तालुक्यातील कुणकेश्वरची यात्रा भरते आणि फाल्गुनात शिमगोत्सव असतो.

जत्रांच्या रात्री दशावतारी नाटके होतात. आरंभी गणपती व संकासुर यांचा पूर्वरंग आणि नंतर पौराणिक आख्यान असा क्रम असतो. लिखित संहिता नसते. कथानक ठरवून नट संवाद तेथेच रचतात. स्त्रीभूमिका पुरुषच करतात. गावातील हौशी मंडळींच्या नाट्यप्रयोगाची फजिती रंगवणारे गंगाराम गवाणकर यांचे 'वस्त्रहरण' १९८० साली रंगभूमीवर आले. त्यात मच्छिंद्र कांबळी यांनी मालवणी बोली मराठी प्रेक्षकांच्या घराघरांत पोहोचवली.

पर्यटन आणि मासेमारी

१९९७ साली सिंधुदुर्ग हा पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला आणि १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली. मालवणला रेल्वेस्थानक नाही. प्रवासी कुडाळ किंवा कणकवली येथे उतरतात. पुढील काळात न्याहारी-निवासाची सोय, जलक्रीडा आणि समुद्रतळ दाखवणारी केंद्रे वाढली. अनेक मच्छीमार कुटुंबांना त्यातून जोडउत्पन्न मिळाले, हे मान्य करावे लागते. परंतु दिवाळी, नाताळ आणि मे महिना या गर्दीच्या दिवसांत मागणी चार-पाच जातींच्याच माशांना असते आणि त्यांचे भाव स्थानिक गिऱ्हाइकाच्या आवाक्याबाहेर जातात.

दुसरा प्रश्न रापणीचा आहे. रापण म्हणजे किनाऱ्यालगत अर्धवर्तुळात जाळे टाकून त्याची दोन्ही टोके जमिनीवरून ओढण्याची सामुदायिक पद्धत. मिळालेली मासळी ओढणाऱ्यांत वाट्यांनी विभागली जाते. ती माशांच्या थव्यांनी किनाऱ्याजवळ येण्यावर अवलंबून असते. पर्ससीन जाळ्यांच्या मोठ्या यांत्रिक नौका हे थवे आधीच उचलतात, अशी गाबीत व इतर पारंपरिक मच्छीमारांची तक्रार आहे. तिच्यावरून किनाऱ्यावर अनेकदा संघर्ष झाला. राज्य शासनाने ५ फेब्रुवारी २०१६ रोजी पर्ससीन मासेमारीवर निर्बंध घालणारा आदेश काढला. अंमलबजावणीविषयी मात्र वाद चालूच राहिले. १९८७ साली घोषित झालेल्या २९.१२ चौरस किलोमीटरच्या मालवण सागरी अभयारण्यालाही आपला व्यवसाय बंद होईल या भीतीने मच्छीमारांनी विरोध केला होता.

मे महिन्याच्या अखेरीस किल्ल्याची प्रवासी होडीसेवा आणि जलक्रीडा पावसाळ्यासाठी थांबतात. किल्ल्यात राहणाऱ्या मोजक्या कुटुंबांना बाजारहाट त्यापूर्वीच उरकावा लागतो.