बर्फाला दारं धरणारी पोरं

डिसेंबरात नांदेडजवळच्या अर्धापूरच्या शिवारात रात्रपाळीची लाईट आली की माणसं डोक्याला मफलर गुंडाळून, बॅटरी आणि खोरं घेऊन मळ्याकडे निघतात. केळीला, गव्हाला पाणी द्यायचं असतं. एक वाफा भरला की बांध फोडून दुसऱ्यात दार वळवायचं, असं उजाडेपर्यंत चालतं. त्याच दिवसांत लेहकडची पोरंही रात्रीच पाणी द्यायला बाहेर पडतात. समुद्रसपाटीपासून सुमारे ३,५०० मीटर उंचीवर, पारा शून्याखाली दहा-पंधरा अंश उतरलेला असताना, सपाट केलेल्या जमिनीवर ती पाण्याचा पातळ थर सोडतात. तो गोठला की वर दुसरा, त्यावर तिसरा. या वाफ्यात पीक येतं ते बर्फाचं, आणि त्यावर आईस हॉकी खेळली जाते.

भारतातल्या मुलामुलींची राष्ट्रीय आईस हॉकी स्पर्धा समजून घ्यायची तर सुरुवात या वाफ्यापासून करावी लागते. मैदान आधी पिकवावं लागतं, मग खेळावं लागतं, असे खेळ आपल्याकडे फार थोडे आहेत.

नांदेडकरांना हॉकी नवी नाही. गुरू गोविंदसिंघजींच्या नावाच्या गोल्ड कप स्पर्धेसाठी देशभरातले संघ इथे येतात आणि खालसा हायस्कूलच्या मैदानावर धूळ उडते. आईस हॉकी मात्र तिची फार लांबची बहीण. चेंडूच्या जागी कडक रबराची चकती असते, तिला पक म्हणतात. साडेसात सेंटिमीटर रुंद, अडीच सेंटिमीटर जाड, वजन १५६ ते १७० ग्रॅम. गोलरक्षक धरून एका बाजूचे फक्त ६ जण बर्फावर असतात आणि वीस-वीस मिनिटांचे तीन डाव होतात. पण एक खेळाडू सलग खेळतो तो जेमतेम मिनिटभर. तेवढ्यात दम संपतो, तो कठड्यावरून बाहेर उडी मारतो आणि दुसरा आत शिरतो. खेळ थांबत नाही. लेहच्या विरळ हवेत तर समुद्रकाठच्या तुलनेत प्राणवायू एक तृतीयांशाने कमी. बाहेरून आलेला संघ तिथे आधी श्वास घ्यायला शिकतो.

लडाखात हा खेळ रुजला तो फौजेमुळे. सत्तरच्या दशकात लडाख स्काउट्सचे जवान गोठलेल्या तळ्यांवर खेळू लागले. गावातल्या पोरांनी ते पाहिलं आणि जे हाती लागेल त्यातून सामान उभं केलं. फौजी बुटांच्या तळव्यांना लोखंडी पाती ठोकली, जुन्या बुटाच्या रबरातून पक कापला. १९८५ मध्ये लडाख विंटर स्पोर्ट्स क्लब स्थापन झाला आणि लेहमधला कारझू तलाव या खेळाचं माहेर बनला. १९८९ मध्ये भारतीय आईस हॉकी संघटना आंतरराष्ट्रीय महासंघाची सदस्य झाली. सदस्यत्व मिळालं, पण देशात पूर्ण मापाची बंदिस्त कृत्रिम रिंक नव्हती. शिमल्यात १९२० पासून रिंक होती खरी, पण तीही नैसर्गिक बर्फाची, म्हणजे आभाळाच्या मर्जीची. डेहराडूनला दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धांसाठी २०११ मध्ये बंदिस्त रिंक उभी राहिली, ती पुढे कित्येक वर्षं बंद पडून होती. यंत्र होतं आणि खेळायला आतुर पोरंही होती. त्यांना ते वापरू न देणं ही या खेळाच्या वाट्याला आलेली सर्वांत मोठी चूक म्हणावी लागेल. २०२५ मध्ये ती रिंक पुन्हा सुरू झाली.

मुलींची वाट आणखी अरुंद. आधी मुलगे खेळणार, मग बर्फ उरला तर त्या. बूटही भावाचे, दोन-तीन मापांनी मोठे, आत मोजे कोंबलेले. फे गावाजवळच्या सेकमोल संस्थेत आणि चुशोतसारख्या गावांत मुलींनी जिद्दीने आपले संघ उभे केले. २०१६ मध्ये भारतीय महिला संघ पहिल्यांदा परदेशी स्पर्धेसाठी तैपेईला गेला, तो लोकवर्गणीतून. तिथे तो हरला. पुढच्याच वर्षी बँकॉकमध्ये फिलिपिन्सला ४-३ असं हरवून त्याने पहिला विजय मिळवला. २०२५ मध्ये संयुक्त अरब अमिरातीतल्या अल ऐनला आशिया चषकात कांस्यपदक आलं. या संघाची एक गोलरक्षक नूरजहाँ एरवी जुन्या भित्तिचित्रांचं जतन करते. ज्या हातांनी ती शेकडो वर्षांपूर्वीचा रंग जपते, त्याच हातांनी पक अडवते.

मुलामुलींच्या या कनिष्ठ गटाच्या स्पर्धेचं मोल पदकापुरतं नाही. भारत-तिबेट सीमा पोलीस दल आणि लष्कर यांचे स्वतःचे आईस हॉकी संघ आहेत आणि चांगल्या खेळाडूंना तिथे नोकरी मिळते. पहाटे रस्त्याच्या कडेने पोलीस भरतीसाठी धावणारी पोरं ज्या घरांतून निघतात, त्या घरांना हे वेगळं समजावून सांगायला नको. महाराष्ट्रात खेळाडूंना सरकारी नोकरीत ५ टक्के आरक्षण आहे. क्रीडा प्रमाणपत्राची फाईल घरात कशी जपून ठेवतात, ते आपण पाहतोच. लेहच्या घराघरांतही तशीच फाईल असते.

महाराष्ट्राचं बर्फाशी नातं चाकांवरून जुळलं. शहरांतल्या सिमेंटच्या रिंकवर रोलर स्केटिंग करणारी मुलं पुढे बर्फावर उतरली. २०२४ च्या खेलो इंडिया हिवाळी स्पर्धेच्या लेह टप्प्यात आईस स्केटिंगची सुवर्णपदकं महाराष्ट्रात आली. चाकावर तोल सांभाळणारं पोर पात्यावर लवकर उभं राहतं. थांबणं तेवढं नव्याने शिकावं लागतं: दोन्ही पाय आडवे करून, बर्फाचा भुगा उडवत.

आता लेहच्या एनडीएस स्टेडियममध्ये कृत्रिम रिंक आहे. २०२४ आणि २०२५ च्या खेलो इंडियाचे सामने तिथे झाले. २०२५ मध्ये काही सामने गुपुखच्या गोठलेल्या तळ्यावरही खेळवले गेले. नैसर्गिक बर्फाचा हंगाम मात्र जेमतेम दोन महिन्यांचा, डिसेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या सुरुवातीपर्यंत. हिवाळा उबदार झाला की तो आणखी आखडतो. दुपारच्या उन्हात बर्फ घाम धरतो, पात्यांना ओढ लागते, म्हणून सराव पहाटे किंवा सूर्य कलल्यावर. दोन खेळांच्या मधे पोरं झाडू आणि फावडी घेऊन उतरतात, भुगा लोटतात, चिरांत पाणी ओततात. दिवसा खेळलेल्या शेताला रात्री पुन्हा पाणी.

बर्फ आणि शेती यांची गाठ लडाखात जुनीच आहे. सेकमोलच्या सोनम वांगचुक यांनी २०१३-१४ च्या हिवाळ्यात वाया जाणारं पाणी उंच उडवून बर्फाचा स्तूप गोठवून दाखवला. वसंतात, लावणीच्या ऐन टंचाईत, तो हळूहळू वितळून शेताला पाणी देतो. रिंकवरच्या पोरांच्या घरी असं शेत असतंच, जव आणि जर्दाळूचं. बर्फ ओसरला की बूट खुंटीला लागतात आणि गावात चुरपोनचा शब्द चालू होतो. चुरपोन म्हणजे तिथला पाटकरी. कोणाच्या शेताला कोणत्या दिवशी किती पाणी, हे तो ठरवतो. जानेवारीत स्टिक धरलेले हात मग खोरं घेऊन पाटावर उभे राहतात, आपली पाळी कधी येते याची वाट बघत.