कुमारजींना घराण्यांचे वावडे होते का?

धार आणि देवास ही दोन्ही पवारांची संस्थाने. तेव्हा इथल्या मराठी घरांत बैठकीचे गाणे पिढीजात, आणि बैठकीनंतरचा वादही. त्या वादात कुमार गंधर्वांचे नाव निघाले की कोणीतरी हमखास म्हणतो, ‘‘गवई थोर, पण घराण्यांबद्दल मनात आकस. परंपरा मानायचेच नाहीत.’’ कुमारजी १२ जानेवारी १९९२ रोजी देवासलाच गेले; ही वदंता मात्र अजून टिकून आहे.

आधी त्यांचे शिक्षण पाहू. बेळगावजवळच्या सुळेभावीचा शिवपुत्र कोमकळी (हे कुमारजींचे मूळ नाव) लहानपणी कोणाचीही रेकॉर्ड ऐकून ती ताना-मुरक्यांसकट हुबेहूब गाऊन दाखवी. अब्दुल करीम खाँ काय, फैयाज खाँ काय, सगळ्यांच्या नकला तयार. नकलेची ताकद आणि तिची मर्यादा या मुलाला जेवढी आतून कळली असेल, तेवढी क्वचितच कोणाला. पुढे तो मुंबईत प्रो. बी. आर. देवधरांकडे आला. देवधर पंडित विष्णु दिगंबर पलुस्करांचे शिष्य, म्हणजे धारा ग्वाल्हेरची. पण ते स्वतः सिंदे खाँसारख्या अवलियाकडूनही बंदिशी गोळा करणारे. त्यांच्या शाळेत एकाच घराण्याचे सोवळे नव्हते. शिवाय अंजनीबाई मालपेकरांकडे, म्हणजे भेंडीबाजारवाल्यांकडेही कुमारांनी शिक्षण घेतले. ज्याच्या गळ्यात इतकी घराणी उतरली, त्याला घराण्यांचे वावडे होते म्हणणे जरा धाडसाचे आहे.

तरी आगीशिवाय धूर नाही, हेही मान्य करायला हवे. एकाच ठरीव चालीने सगळे राग गायचे, ही गोष्ट कुमारजींना पटत नव्हती. प्रत्येक रागाची आणि बंदिशीची मागणी वेगळी, असे ते म्हणत आणि तसेच गात. ज्यांनी घराण्याची शिस्त आयुष्यभर सांभाळली, त्यांना ते झोंबणारच. त्यात देवास हे उस्ताद रजब अली खाँचे गाव. ते १९५९ पर्यंत हयात होते. त्यांची तान ऐकून ज्यांचे कान तयार झाले, त्यांना कुमारांचे गाणे परके वाटले असेल तर नवल नाही. पण मत न पटणे वेगळे आणि आकस धरणे वेगळे. वामनराव देशपांडे यांचेच उदाहरण घ्या. ‘घरंदाज गायकी’ लिहिणारे, मोगूबाई कुर्डीकरांचे शिष्य, कुमारांच्या गाण्यावर रोखठोक टीका करणारे. त्यांचे चिरंजीव सत्यशील देवासला येऊन राहिले आणि शिकले ते कुमारजींकडेच. वैर असे नसते!

दुसरी वदंता जास्त खोडसाळ आहे. १९४८च्या जानेवारीत क्षयाने पोखरलेले कुमारजी कोरड्या हवेसाठी देवासला आले. सुमारे पाच वर्षे गाणे बंद होते, आणि एक फुफ्फुस कायमचे अधू झाले. यावरून तर्क असा, की दम पुरत नाही म्हणून तुकड्यांनी गातात, विलंबित टाळतात, आणि मग परंपरेलाच नावे ठेवतात. दुखण्याचा परिणाम गाण्यावर झाला नाही असे कोण म्हणेल? पण त्यानंतर हा माणूस जवळजवळ ४० वर्षे मैफली गाजवत होता. १९६५ साली आलेला त्यांचा ‘अनूपरागविलास’ हा ग्रंथ उघडून पाहावा. त्यात मालवती, संजारी, लगनगंधार असे मालव्याच्या लोकधुनांतून उगवलेले राग आहेत, त्याबरोबर जुन्या रागांतल्या स्वतःच्या बंदिशी आहेत, आणि विलंबित बंदिशीही आहेत. परंपरा झुगारणारा माणूस इतकी नेटकी लेखी कागदपत्रे मागे ठेवत नाही.

‘हलक्या’ गाण्याला नाक मुरडत, हा तिसरा आरोप तर दोन ओळींत निकालात निघतो. ‘मला उमजलेले बालगंधर्व’ हा नाट्यगीतांचा अख्खा कार्यक्रम त्यांनीच केला. भा. रा. तांब्यांच्या कवितांची मैफल केली. बाळ कोल्हटकरांच्या ‘देव दीनाघरी धावला’ या नाटकासाठी वाणी जयराम यांच्याबरोबर गायले. आणि ठुमरी-टप्पा-तराण्यांची मैफल? टप्पा तर ग्वाल्हेरवाल्यांचा खास दागिना!

कबीरामुळे ते फक्त निर्गुणवाले ठरले, सगुणाला कमी लेखत, असेही ऐकू येते. देवासला शीलनाथ महाराजांची धुनी आहे, नाथपंथी जोग्यांची ये-जा आहे; निर्गुणी भजनांचे वळण त्यांना याच हवेत सापडले, हे खरे. पण त्यांच्या ‘त्रिवेणी’ या कार्यक्रमात कबीराच्या शेजारी सूरदास आणि मीरा बसलेली आहेत, आणि तुलसीदास व तुकाराम यांच्यावर त्यांनी स्वतंत्र कार्यक्रम बांधले.

थोडक्यात, घराण्याच्या हट्टाशी कुमारजींचे भांडण होते, आणि ते त्यांनी कधी लपवले नाही. घराण्यांतल्या गवयांबद्दल त्यांना आकस होता, याला मात्र पुरावा नाही. पुढच्या बैठकीत कोणी ही वदंता पुन्हा काढली, तर त्यांनी गायलेला एखादा टप्पा त्याला ऐकवा आणि मग वाद घाला.