जुन्या लॅपटॉपवर लिनक्स

१४ ऑक्टोबर २०२५ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १०चा नेहमीचा सपोर्ट थांबवला. विंडोज ११ बऱ्याच जुन्या प्रोसेसरवर अधिकृतपणे चालत नाही. म्हणून अंबड-परतूरकडच्या घरांतला धडधाकट लॅपटॉप भंगारात घालायचा? मुळीच नाही.

विंडोजच्या जागी चालणारं लिनक्स मिंट फुकट मिळतं. त्याची एक्सएफसीई आवृत्ती ४ जीबी रॅमवर नीट चालते. तिची इन्स्टॉलसाठीची आयएसओ फाईल ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर रुफससारख्या प्रोग्रामने चढवायची. नुसती कॉपी केली तर लॅपटॉप त्यावरून सुरू होत नाही. मग लॅपटॉप चालू होताना एफ१२ किंवा एफ९ (कंपनीप्रमाणे बटण बदलतं) दाबून पेनड्राइव्ह निवडा. डिस्कवरचं काहीही न पुसता मिंट पडद्यावर येतं. वायफाय, आवाज, कॅमेरा इथेच तपासा, घाई करू नका.

इन्स्टॉल करताना ‘इरेज डिस्क’ निवडलं की जुनं सगळं जातं. फोटो, सातबाऱ्याच्या पीडीएफ आधीच दुसरीकडे काढून ठेवा. जुन्या लॅपटॉपची बॅटरी बहुधा संपलेली असते, त्यामुळे मध्येच लाईट गेली तर काम अर्धवट राहतं. इन्व्हर्टर असलेल्या घरी बसा.

कीबोर्डच्या सेटिंगमध्ये मराठी जोडलं की युनिकोडमध्ये सरळ टाइप होतं. मात्र श्रीलिपी, पेजमेकरवर पोट असलेल्या डीटीपीवाल्यांनी विंडोज ठेवावं. त्यांचे विंडोजवरचे प्रोग्राम लिनक्सवर सरळ चालत नाहीत. आणि मिंटही रेंगाळलं, तर जुनी हार्डडिस्क काढून एसएसडी बसवा. फरक लगेच जाणवतो.